मॅक्स पेन: बुलेट टाइम सोडून बोलूया

निशाचर:
मॅक्स पेन ह्या शूटर गेमचं नाव काढलं की जो तो बुलेट टाइमवरच घसरतो. स्लो मोशनमध्ये आडवी झेप, दोन्ही हातात पिस्तुलं, समोरचा हवेत उडतोय वगैरे. ते भारी आहेच, त्यात वाद नाही. पण सध्या तिन्ही भाग परत ओळीने खेळतोय आणि माझं मत असं झालंय की ह्या गेमची खरी मजा गोळीबार थांबतो तिथे आहे. म्हणजे दाराआड उभं राहून गुंडांच्या गप्पा ऐकणं, टीव्ही चालू करून पाच मिनिटं नुसतं बघत बसणं, वाजणारा फोन उचलणं.

पहिल्या भागाची सुरुवातच आठवा. मॅक्स, म्हणजे आपण चालवतो तो पोलीस, घरी येतो, भिंतीवर स्प्रेने ते व्ही काढलेलं, वरून किंचाळण्याचा आवाज आणि तेवढ्यात फोन वाजतो. उचलला तर पलीकडे एक बाई. मॅक्स म्हणतो पोलिसांना कळवा, तर ती आधी खात्री करून घेते की हे पेनचंच घर आहे ना, आणि मग शांतपणे सांगते की मी मदत करू शकत नाही. बास. पहिल्यांदा खेळताना कळतही नाही की काय ऐकलं. अख्खा गेम संपवून खलनायिका निकोल हॉर्नचा आवाज कानात बसल्यावर परत पहिली लेव्हल खेळा, अंगावर काटा येतो. धावत जिना चढून गेलात तर हे हातातून गेलं. असं किती ठिकाणी करून ठेवलंय ह्या लोकांनी!

तर धागा ह्यासाठी. तुमच्या अशा जागा कुठल्या? गोळीबाराच्या नाहीत, मधल्या. (स्पॉयलर भरपूर येणार, ज्यांनी खेळला नाही त्यांनी आधी खेळून या.)

बंड्या_बुलेट:
आयडी बघून कळलंच असेल की मी असहमत :)
बुलेट टाइम सोडून मॅक्स पेन म्हणजे काय राहिलं राव? लोक म्हणतात की मॅट्रिक्सवरून उचललं, पण रेमेडीचं (गेम बनवणारी फिनलंडची कंपनी) काम त्याच्या आधीपासून चालू होतं, १९९८च्या ई-थ्री ह्या गेम्सच्या प्रदर्शनात ट्रेलर दाखवला तेव्हा मॅट्रिक्स यायचा होता. दोघांनीही हाँगकाँगच्या अॅक्शन सिनेमांकडून घेतलं इतकंच. आणि खरी गोम काय आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं. त्या काळच्या बऱ्याच शूटर गेम्समध्ये ट्रिगर दाबला की त्याच क्षणी हिशोब होतो, लागली की नाही लागली, मधे गोळी नावाची वस्तूच नसते. मॅक्स पेनमध्ये प्रत्येक गोळी खरोखर हवेतून प्रवास करते. म्हणून वेळ हळू केला की ती दिसते, म्हणून ती चुकवता येते, म्हणून झेप घेण्याला अर्थ आहे. नाहीतर नुसतं स्लो मोशन कुणीही टाकेल, आणि नंतर टाकलंच की सगळ्यांनी! त्यातल्या निम्म्या गेम्समध्ये ते का रटाळ वाटतं ह्याचं उत्तर हे आहे.

बुलेट टाइम किती उरलाय ते दाखवणारं वाळूचं घड्याळ परत भरायचं तर माणसं मारावी लागतात, म्हणजे लपून बसून काही होत नाही, पुढे घुसावंच लागतं. हे डिझाइन म्हणजे डोकं आहे.

निशाचर:
@बंड्या, असहमत कुठे आहेस, मी भारी आहेच म्हणालो ना पहिल्या ओळीत :)
गोळी खरी असते हा मुद्दा मात्र एकदम पटला.

चांदणवेल:
मस्त धागा. माझी जागा सांगते, पहिल्या भागातला फ्रँकी नायगारा. मॅक्सला खुर्चीला बांधून बेसबॉल बॅटने बडवतो तो प्रकार. तर हा असा खुनशी माणूस फावल्या वेळात कॅप्टन बेसबॉल बॅट बॉयची कॉमिक स्ट्रिप वाचत असतो! आणि ती आपल्यालाही वाचायला मिळते. पुढे दुसऱ्या भागात ह्याच कॅप्टनचा मोठ्ठा डोक्याचा वेश विनी गॉगनिटी ह्या माफियावाल्याच्या अंगावर चढवलेला, आत बॉम्ब, आणि त्याला सुखरूप घेऊन जायचं काम आपल्याकडे. इतका भंपक विनोद आणि इतकी उदास गोष्ट एकाच गेममध्ये नांदतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात, हे मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आणि मॅक्सचं ते स्वगत! अरे काय उपमांवर उपमा, प्रत्येक वाक्यात पाऊस बर्फ अंधार मरण. दुसरा कुणी बोलला असता तर हसून हसून मेले असते. जेम्स मॅकॅफ्रीच्या आवाजात ते खपून जातं, नुसतं खपतं कसलं, हवंहवंसं वाटतं. तो बिचारा जराही जोर लावत नाही. थकलेल्या माणसासारखा सपाट बोलत जातो.

रिकामटेकडा:
वाचतोय.

कातरवेळ:
@चांदणवेल +१०००

त्या स्वगताबद्दल थोडं. गेमचा लेखक सॅम लेकला पक्कं ठाऊक होतं की आपण नॉयरची (अंधाऱ्या, कडवट गुन्हेकथांचा प्रकार) टर पण उडवतोय आणि नॉयर पण लिहितोय. एकटा कडवट डिटेक्टिव्ह, रेनकोट, घातकी बाई, भ्रष्ट पोलीस, सगळा मसाला. पण खाली जे दुःख आहे ते चेष्टेतलं नाही. बायको आणि तान्ही मुलगी मारली गेलीय, आणि माणूस तीन वर्षांनी माफियामध्ये घुसून बसलाय कारण त्याला घरी जायला घरच नाही. तो स्वतःच्या आयुष्याकडे जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमासारखं बघतो कारण तसं बघितलं तरच ते सहन होतं, असं मला नेहमी वाटत आलंय. त्यामुळे त्या उपमा सॅम लेकच्या कमी आणि मॅक्सच्या जास्त वाटतात.

आणि बर्फाचं वादळ हे नुसतं वातावरणनिर्मितीला नाहीये. अख्खा पहिला भाग नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपच्या पुराणांवर रचलाय. ड्रगचं नाव वाल्किर, लष्करी प्रकल्पाचं नाव वल्हाला, हॉर्नची कंपनी एसिर, नाइटक्लब रॅग्ना रॉक, आणि एक डोळा असलेला म्हातारा आल्फ्रेड वुडन म्हणजे सरळ सरळ ओडिन, त्या पुराणांतला एका डोळ्याचा मुख्य देव. त्या कथांमध्ये जगबुडीच्या आधी एक न संपणारा हिवाळा येतो म्हणतात. न्यूयॉर्क त्या हिवाळ्यात अडकलंय. फिनलंडच्या माणसांनी अमेरिकन गोष्ट सांगायची म्हणून घेतली आणि उत्तरेची थंडी बरोबर घेऊन आले.

जॅक लुपिनो हा माफियाचा गुंड त्या क्लबात काय वाट्टेल ते बरळत असतो, सैतान काय देव काय, तिथेही मारायच्या आधी ऐकून घ्या, मजा आहे.

बंड्या_बुलेट:
वुडनचं कधीच लक्षात आलं नव्हतं. एक डोळा!! कै च्या कै.

हरकाम्या:
मी ग्राफिक्सवाला माणूस आहे तर माझी वेगळीच आवड. ती कॉमिकची पानं. कटसीनऐवजी (मधे गोष्ट सांगणारे छोटे सिनेमे) फोटो काढून, त्यावर रंगाचे फटकारे मारून, फुगे टाकून कॉमिकसारखी पानं बनवली आणि वर आवाज. ह्याचं मूळ कारण पैसा हे उघड आहे, छोटी कंपनी, मोठे सिनेमॅटिक बनवायची ऐपत नव्हती. मॅक्सचा चेहरा म्हणजे लेखक सॅम लेक स्वतः, तो प्रसिद्ध बद्धकोष्ठ चेहरा :D आणि निकोल हॉर्न कोण तर सॅम लेकची आई. बाकी भूमिकांमध्ये ऑफिसातली मंडळी, मित्र, नातेवाईक. मुलाने आईला खलनायिका केली आणि शेवटी इमारतीच्या टोकावरून हेलिकॉप्टरसकट खाली पाडली, घरी काय बोलणं झालं असेल देव जाणे.

पण गरिबीतून आलेली ही गोष्ट तेव्हाच्या थ्रीडी कटसीनपेक्षा चांगली टिकली. २००१च्या सुमारास आलेल्या कुठल्याही गेमचे बोलणारे चेहरे आज बघा, बघवत नाहीत. कॉमिकची पानं आजही तशीच देखणी आहेत. एकेक पान थांबून बघता येतं, मागे जाऊन परत वाचता येतं. निशाचरच्या थांबण्याच्या मुद्द्यात हे पण घाला.

इंजिन त्यांचं स्वतःचं होतं, मॅक्सएफएक्स. जुन्या लोकांना थ्रीडीमार्क २००१ आठवत असेल, ग्राफिक्स कार्डाची ताकद मोजणारा प्रोग्राम, कार्ड नवीन आणलं की सगळ्यात आधी ते चालवायचं, त्यातही हेच इंजिन. आणि टेक्स्चरसाठी (गेममधल्या भिंती-जमिनींवर चढवायची चित्रं) ही माणसं न्यूयॉर्कला जाऊन खरोखरच्या भिंती, गल्ल्या, दारं ह्यांचे ढिगाने फोटो काढून आली. म्हणून त्या गल्ल्या इतक्या कळकट दिसतात, रंगवलेल्या वाटत नाहीत.

चांदणवेल:
आईला खलनायिका!! खिक्क. हे माहीत नव्हतं.

दिवाभीत:
सगळे गोड गोड बोलताय, आता मी कडू बोलतो. पहिल्या भागातली दुःस्वप्नाची लेव्हल. काळाकुट्ट अंधार, खाली रक्ताची दोरीएवढी रेघ, त्यावरून चालायचं, तोल गेला की परत पहिल्यापासून, आणि मागून तान्ह्या बाळाचं रडणं. सतत. हेडफोन लावून खेळायचो आणि ती लेव्हल आली की हेडफोन काढून ठेवायचो. ज्याने कुणी ती लेव्हल डिझाइन केली त्याला कुणीतरी ती लेव्हलच खेळायला लावा जन्मभर.

तोच प्रकार जळणाऱ्या रेस्टॉरंटचा. एवढी सुंदर शूटिंग सिस्टिम बनवलीत आणि मला तुम्ही उड्या मारायला लावता?

कातरवेळ:
रेस्टॉरंटबद्दल पूर्ण अनुमोदन. दुःस्वप्नाबद्दल नाही.

ती लेव्हल त्रासदायक आहे हे मान्यच. पण दुसरं दुःस्वप्न आठवा, हॉर्न त्याला वाल्किर टोचते त्यानंतरचं. तिथे मॅक्सला एक चिठ्ठी मिळते, आणि त्यातून त्याला कळतं की तो एका चित्रकथेत आहे. हवेत तरंगणारे फुगे, कुणीतरी आपलं बोलणं लिहितंय. मग ते ओलांडून पुढे, की तो कॉम्प्युटर गेममध्ये आहे, डोळ्याच्या कोपऱ्यात हत्यारांचे आकडे तरंगताना दिसतात, कुणीतरी आपलं प्रत्येक पाऊल चालवतंय. आणि तो म्हणतो की ह्याच्यापेक्षा भयानक काही असू शकत नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा किबोर्डवरचा हात उचलला होता, उगाचच अपराधी वाटलं. विनोद म्हणून लिहिलंय हे कळतं पण त्या क्षणी हसू येत नाही.

नंतर रेमेडीने जे जे केलं, लेखक स्वतःच्याच गोष्टीत अडकतो वगैरे, त्याचं बी इथेच आहे.

सईची_आई:
बाळाच्या रडण्याबद्दल आलंय म्हणून लिहितेय. कॉलेजात असताना मी हा गेम दणादण संपवला होता, ती लेव्हल पण. सई झाल्यानंतर परत लावला आणि पहिल्याच प्रसंगात, तो पाळणा दिसल्यावर बंद केला. पुन्हा नाही लावला. गेम वाईट नाही, उलट इतका चांगला जमलाय म्हणूनच नाही जमत आता. मी थेट दुसऱ्या भागापासून खेळते.

निशाचर:
@सईची_आई समजू शकतो. दुसरा भागच सगळ्यात सुंदर आहे असं मानणाऱ्यातला मीही एक आहे.

आता दुसऱ्याचा विषय निघालाच आहे तर. २००३चा ऑक्टोबर, पहिल्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षं, आणि तेवढ्यात हॅवोकची फिजिक्स आली (वस्तू खऱ्यासारख्या पडतात, आदळतात), चेहऱ्यासाठी खरा नट आला (टिमथी गिब्ज), आणि गोष्ट सूडाची राहिली नाही, प्रेमाची झाली. मॅक्स परत पोलिसात, पहिल्या भागातली मारेकरी मोना सॅक्स जिला आपण मेली समजत होतो ती जिवंत, आणि खुनाच्या संशयितांमध्ये. त्याला कळतंय की हे बरोबर नाही, तरी तो जातो.

टीव्ही तर दुसऱ्या भागात कळस आहेत. अॅड्रेस अननोन नावाची ती मालिका, जॉन मिरा, गुलाबी फ्लेमिंगो उलटं सुलटं बोलतोय, कुणाला काही झेपत नाही. ती बघताना हसू येतं. आणि मग मोना कुठे राहते? तर त्याच मालिकेवर बनवलेल्या, बंद पडलेल्या फनहाउसमध्ये! आणि आपण त्याच्यातून चालत जातो, ते पुठ्ठ्याचे देखावे, आरसे, रेकॉर्ड केलेले आवाज, आणि हळूहळू जाणवतं की ही मालिका मॅक्सचीच गोष्ट सांगतेय, माणूस आपल्याच प्रतिबिंबाच्या मागे लागून वेडा होतो ती. टीव्हीवर डिक जस्टिस म्हणून दुसरी मालिका आहे, ती तर सरळ पहिल्या भागाच्या कथेचीच नक्कल, बायको मेलेला पोलीस वगैरे. म्हणजे मॅक्स स्वतःचं सगळ्यात मोठं दुःख टीव्हीवर स्वस्त मालमसाला म्हणून लागलेलं बघत उभा असतो आणि काही बोलत नाही. टीव्हीला गोळी घालून पुढे जाणाऱ्यांनी हे सगळं गमावलं.

बंड्या_बुलेट:
मी टीव्हीला गोळी घालणाऱ्यातला :(
पण दुसऱ्या भागाचा बुलेट टाइम जास्त चांगला, हे नोंदवून ठेवतो. ओळीने माणसं मारत गेलं की घड्याळ पिवळं होत जातं आणि जग आणखी हळू, मॅक्स मात्र जवळजवळ नेहमीच्या वेगाने. वर ती गिरकी घेऊन गोळ्या भरणं. एकदा लय लागली की नाचल्यासारखं वाटतं.

मोनाच्या लेव्हल्सबद्दल पण कुणी बोलत नाही. बांधकामाच्या साइटवर ती वर उभी, हातात ड्रॅगुनोव स्नायपर रायफल, खाली मॅक्स एकेक मजला पुढे जातोय आणि आपण त्याला वरून जपायचं. एकदा आपण मॅक्स म्हणून मोनाच्या भरवशावर, एकदा तेच आपण मोना म्हणून. दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे हे संवाद न लिहिता दाखवलं राव.

चांदणवेल:
आणि ते गाणं!! लेट गुडबाय. पोएट्स ऑफ द फॉलचं, शब्द सॅम लेकच्या कवितेवरून घेतलेले. शेवटी श्रेयनामावलीत पूर्ण वाजतं ते सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी अख्ख्या गेमभर ते विखुरलंय. मोना शॉवरमध्ये गुणगुणते, एक झाडूवाला कानाला हेडफोन लावून बेसूर गातो, एक गुंड पियानोवर वाजवत बसलेला असतो. त्या जगात ते नुकतंच हिट झालेलं गाणं असावं असं. म्हणजे आपण शेवटी ते ऐकतो तेव्हा आधीच ओळखीचं झालेलं असतं आणि का ते कळत नाही. मला हे फार उशिरा कळलं आणि मग मुद्दाम शोधत फिरले.

मूळ धून, म्हणजे ती पियानोची, कार्त्सी हाताक्का आणि किम्मो कयास्तो ह्यांची. दुसऱ्या भागात तीच चेलोवर. चेलोची जास्त आवडते. भांडा आता.

रिकामटेकडा:
पियानो. तिसऱ्या भागात कुठे पियानो दिसला की बटण दाबा, मॅक्स स्वतः ती धून वाजवतो.

दिवाभीत:
तिसऱ्याचं नाव कुणीतरी काढणारच होतं. तो मॅक्स पेन नाहीच मुळी. साओ पाउलोचं ऊन, टक्कल, रंगीबेरंगी शर्ट. सॅम लेक नाही, कॉमिक नाही, बर्फ नाही, नॉर्स नाही. दर दोन मिनिटांनी कटसीन, तो पण पुढे ढकलता येत नाही कारण मागे लोडिंग चालू. स्क्रीनवर रंगांचे झटके आणि शब्द उडतायत, डोकं दुखतं. निशाचर, तुझं ते थांबणं बिंबणं तिसऱ्यात कुठे बसतं सांग? थांबायला देतात कुठे!

निशाचर:
कटसीनबद्दल तुझं बरोबर आहे. तिसरा भाग आपल्याला थांबवतो, थांबू देत नाही. फरक आहे.

पण मॅक्स पेन नाही हे मला पटत नाही. नॉयरला बर्फ लागतो असं कुठे आहे? ऊनच त्याला जास्त उघडं पाडतं. आणि एक गोष्ट बघ, तिकडे सगळे पोर्तुगीज बोलतात आणि खाली सबटायटलमध्ये त्याचा अर्थ देतच नाहीत. मॅक्सला कळत नाही म्हणून आपल्यालाही नाही. ज्या माणसाची अख्खी ताकद दाराआडून ऐकण्यात होती त्याला अशा जागी नेऊन टाकलं जिथे ऐकून काही उपयोग नाही! ब्रांको कुटुंबाचा बॉडीगार्ड म्हणून ठेवलाय आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक जण हातातून निसटतो, कोण कुणाला विकलं गेलंय हे त्याला शेवटपर्यंत धड कळत नाही. मुद्दाम केलंय ते.

न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनचे फ्लॅशबॅक तर जुन्या चाहत्यांसाठीच आहेत, बर्फ पण आहे तिथे. बायकोच्या कबरीपाशी जातो तो.

हरकाम्या:
तिसऱ्याच्या बाजूने माझंही मत टाका. अॅनिमेशनमध्ये आजही त्याला तोड नाही. झेप घेऊन भिंतीवर आदळला तर हात पुढे करतो, जमिनीवर पडला की तिथूनच लोळत गोळ्या झाडतो. मोठी बंदूक जवळ असेल तर ती पाठीवर अदृश्य होत नाही, एका हातात धरून दुसऱ्या हाताने पिस्तूल चालवतो, आणि दोन पिस्तुलं काढली की मोठी बंदूक टाकून द्यावी लागते. कटसीनमध्ये पण शेवटचं हत्यार हातात तसंच. हे असले तपशील करायला किती लोकांची किती रात्रपाळी गेली असेल.

जीवघेणी गोळी लागली आणि जवळ पेनकिलर शिल्लक असेल तर वेळ एकदम हळू होतो, आणि ज्याने मारलं त्याला पडता पडता मारलंत तर जगलात. दमलेला पण मरायला तयार नसलेला माणूस, गोष्टीत आणि खेळण्यात एकच.

आणि मॅकॅफ्रीला ह्या भागात नुसता आवाज न ठेवता चेहरा आणि हालचालपण त्याचीच घेतली. तीन भागांत तीन चेहरे झाले पण आवाज एकच राहिला.

बंड्या_बुलेट:
एअरपोर्ट लेव्हल. हेल्थ बँडचं टिअर्स सुरू होतं आणि मॅक्स चालायला लागतो. दिवाभीत, ती लेव्हल खेळून मग बोल.

दिवाभीत:
ती एक लेव्हल भारी आहे. ती एक.

कातरवेळ:
मॅकॅफ्रीचं निघालं म्हणून. २०२३च्या डिसेंबरमध्ये गेला तो, ६५ वर्षांचा होता. त्याच वर्षी रेमेडीचाच अॅलन वेक २ आला होता, त्यात अॅलेक्स केसी नावाचा डिटेक्टिव्ह, चेहरा सॅम लेकचा आणि आवाज मॅकॅफ्रीचा. मॅक्स पेनचे हक्क तर रेमेडीने २००२मध्येच टेक-टू ह्या गेम प्रकाशक कंपनीला विकले होते, एक कोटी डॉलर रोख आणि वर शेअर, त्यामुळे नाव वापरता येत नव्हतं. पण पहिल्या भागाची ती जोडी, तोच चेहरा आणि तोच आवाज, बावीस वर्षांनी परत एकत्र. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ते त्यांचं शेवटचं एकत्र काम ठरलं हे नंतर समजलं आणि वाईट वाटलं खूप.

आता प्रश्न रिमेकचा. पहिले दोन भाग एकत्र करून रेमेडी नव्याने बनवतेय, घोषणा २०२२च्या एप्रिलमध्ये झाली, पैसे टेक-टूच्याच रॉकस्टारचे, ज्यांनी तिसरा भाग बनवला. आवाजाचं काय करणार? माझं स्पष्ट मत, जुनी रेकॉर्डिंग स्वच्छ करून तीच वापरावी. नवीन माणूस आणला तर तो कितीही चांगला असो, मी नाही ऐकणार.

सईची_आई:
सहमत. आणि त्याचा आवाज मशीनवर बनवू नये. प्लीज.

हरकाम्या:
@कातरवेळ जुनी रेकॉर्डिंग ठेवायची तर संवाद पण जुनेच ठेवावे लागतील, एक वाक्य बदलता येणार नाही. एका अर्थी बरंच आहे, कुणाला स्वगत छाटायचा मोह होणार नाही. कॉमिकची पानं मात्र काढून टाकली तर मी पहिला भांडायला जाईन.

नवखा_गेमर:
नमस्कार सगळ्यांना. मी एकही भाग खेळलो नाहीये, स्पॉयलर सगळे वाचून बसलो :P रिमेकची वाट बघू का जुनाच खेळू? आणि कुठल्या भागापासून? २००८चा सिनेमा बघितला तर चालेल का आधी?

दिवाभीत:
सिनेमा नको. बाकी काहीही कर.

निशाचर:
@नवखा_गेमर पहिल्यापासूनच खेळा, वाट बघू नका. स्पॉयलर वाचूनही काही बिघडत नाही, तो गेम स्वतःच शेवटापासून सुरू होतो, मॅक्स गच्चीवर उभा, हातात रायफल, खालून सायरन, सगळे मेलेत. काय झालं हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो, कसं झालं ते पुढे. दुसरा मधूनच हॉस्पिटलमध्ये सुरू होतो, तिसरा परत शेवटाकडून. त्यामुळे तुमचं फारसं नुकसान नाही.

नव्या कॉम्प्युटरवर पहिल्या भागाचा आवाज गायब होण्याचा प्रॉब्लेम येऊ शकतो, चाहत्यांनी बनवलेला छोटा पॅच मिळतो, तो आधी टाका. आवाजाशिवाय ह्यात काही अर्थ नाही. मोबाइलवर पण आहे पहिला भाग, पण बोटांनी झेप घेणं म्हणजे शिक्षा.

बंड्या_बुलेट:
आणि पहिल्यांदा फ्युजिटिव्ह ह्या साध्या मोडवरच खेळ, दुसरा पर्याय नसतोच म्हणा. तिथे तू किती मरतोयस ते बघून गेम आपणहून थोडा सोपा अवघड होत राहतो, त्यामुळे घाबरू नकोस. संपल्यावर बाकीचे मोड उघडतात. न्यूयॉर्क मिनिट नक्की ट्राय कर, हातात एक मिनिट, माणूस मारला की थोडी सेकंद वाढून मिळतात. तिथे निशाचरसारखं दाराआड ऐकत उभं राहिलास तर मेलास :D

चांदणवेल:
दुसऱ्या भागात डेड ऑन अरायव्हल हा सगळ्यात अवघड मोड पूर्ण केला तर शेवट वेगळा आहे, मोना जगते. हे इथे लिहू का नको असं झालं होतं, पण स्पॉयलर आधीच एवढे झालेत...
मला तो शेवट आवडत नाही खरं तर. एवढा जीव काढून खेळून मिळतो म्हणून बक्षीस वाटतं, पण ती गोष्ट तशी संपायची नव्हती.

सईची_आई:
मला आवडतो तो शेवट. त्याला काहीतरी मिळू द्या की एकदा तरी!

कातरवेळ:
@चांदणवेल सहमत, @सईची_आई असहमत, पण मी तो मोड पूर्ण केला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता हेही खरं. मोजकेच सेव्ह मिळतात त्यात, कुठे खर्च करायचे ह्याचं टेन्शन वेगळंच.

नवखा_गेमर:
धन्यवाद मंडळी. पहिला भाग घेतला, पॅच टाकला, आवाज येतोय. ते रोस्को स्ट्रीट स्टेशन, हॉटेल सगळं झालं, लुपिनोला पण उडवला (बोलू दिलं आधी पूर्ण). आता त्या मोनाने पाजलेल्या व्हिस्कीनंतर रक्ताच्या रेघेवर अडकलोय. सारखा पडतोय. आणि ते रडणं डोक्यात जातंय!!

दिवाभीत:
वेलकम :D

निशाचर:
धावू नका, सावकाश चाला आणि प्रत्येक उडीच्या आधी क्विकसेव्ह करा. उडी मारायच्या आधी कॅमेरा वळवून रेघ नीट समोर घ्या, तिरकी उडी मारली की गेलात. हेडफोन काढले असतील तर परत लावा, बाळाचा आवाज ज्या बाजूने जास्त येतो तिकडे वळायचं. पार झालात की फ्रँकी नायगारा तुमची वाट बघतोय, तिथे ती कॉमिक स्ट्रिप वाचायची विसरू नका.